बदलीवर आलेली बाग

मे महिना हा आमच्या सरकारी वसाहतीत आंब्यांपेक्षा बदल्यांसाठी अधिक प्रसिद्ध आहे. सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात, असे २००५ च्या कायद्याने ठरवून दिले असल्यामुळे, ज्यांची एका जागेवरील तीन वर्षांची मुदत भरत आली आहे असे सर्व गृहस्थ या काळात जिन्यातून दबक्या पावलांनी ये-जा करतात, मंत्रालयातील शिपायांच्या प्रकृतीची आस्थेने विचारपूस करतात, आणि एरवी ज्या तालुक्यांचे अस्तित्व त्यांच्या गावीही नसते ते तालुके मुलांच्या शालेय नकाशात बोट फिरवून शोधू लागतात. त्या वर्षी ही पाळी आमच्या उपअभियंत्यांवर आली होती. त्यांची रवानगी गडचिरोलीस होणार अशी एक वार्ता होती, नंदुरबारला होणार अशी दुसरी होती, आणि ज्या शिपायावर त्यांचा सर्वाधिक भरवसा होता त्याने दोन्ही वार्ता शंभर टक्के खऱ्या असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते.

अशा मनःस्थितीतील मनुष्यास मोकळी हवा हितकर असते, सबब महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीस सर्वांनी मिळून राणीच्या बागेत जावे, असा प्रस्ताव हेडक्लार्कांनी मांडला. हेडक्लार्क हे आमच्या मंडळाचे स्वयंनियुक्त कार्यवाह होत. भाजी आणण्याविषयी पत्नीशी बोलायचे झाले तरी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी मनातल्या मनात सुरुवात केल्याखेरीज त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही असा त्यांचा लौकिक आहे. प्रस्तावाला लेखापालांनी तत्काळ हरकत घेतली. पहिली मे बुधवारी येते, राणीची बाग बुधवारी बंद असते, तेव्हा भायखळ्यापर्यंत जाऊन कुंपणाच्या गजांतून हिरवळ पाहणे हा शक्तीचा व रेल्वेभाड्याचा अपव्यय होय, असे त्यांचे म्हणणे पडले. परंतु हेडक्लार्क अशा हरकतींनी डगमगणारे नव्हेत. सार्वजनिक सुट्टी बुधवारी आल्यास उद्यान त्या दिवशी खुले ठेवावे आणि त्याऐवजी दुसऱ्या दिवशी बंद ठेवावे असा महानगरपालिकेचा प्रघातच असल्याचे त्यांनी शोधून काढले होते, व ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते एखाद्या ग्रहाचा शोध लावणाऱ्या ज्योतिर्विदासही दुर्लभ असेल.

“म्हणजे बुधवारच्या सुट्टीची गुरुवारी बदली झाली म्हणायची,” उपअभियंते खिन्नपणे म्हणाले. मन रमविण्याच्या कार्यास हा शुभारंभ म्हणता येण्याजोगा नव्हता.

खातेवाटप झाले. पुऱ्या व बटाट्याची सुकी भाजी हेडक्लार्कांकडे, दहीभात व कैरीचे लोणचे माझ्याकडे, पन्हे प्राध्यापकांकडे, आणि खजिना अर्थातच लेखापालांकडे. प्राध्यापक हे आमच्यातील एकमेव असे की ज्यांची बदली होत नाही. एका खाजगी महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवतात, आणि त्यांच्या त्या अचल स्थितीविषयी आम्हा इतरांच्या मनात जो मत्सर आहे तो आम्ही त्यांच्या शास्त्राला नावे ठेवून व्यक्त करतो. उपअभियंत्यांकडे कोणतेही खाते सोपवले नव्हते, कारण पुढचा हुकूम येईपर्यंत त्यांच्यावर नवी जबाबदारी टाकणे सेवानियमांस धरून होईल की नाही याविषयी हेडक्लार्क साशंक होते.

कार्यालयातील ध्वजवंदन आटोपून, पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी, आम्ही दादरला गाडी बदलून भायखळ्यास उतरलो, आणि बागेच्या दाराशी पोहोचताच आमच्यासमोर पहिला प्रशासकीय पेच उभा राहिला. प्रवेशशुल्क प्रत्येकी ५० रुपये. २०१७ सालापूर्वी हेच शुल्क पाच रुपये होते हे लेखापालांना पाठ असल्याने, मधल्या ४५ रुपयांचे समर्थन कोणत्या लेखाशीर्षाखाली करावे या विवंचनेत ते खिडकीपाशीच थांबले. तेवढ्यात, आईवडील व दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबास १०० रुपये सवलतीचा दर आहे, हे पाटीवर त्यांच्या वाचनात आले. मग पन्नाशी ओलांडलेल्या पाच पुरुषांतून एखादे कुटुंब निर्माण करता येते काय, याचा त्यांनी मिनिटभर अत्यंत गंभीरपणे विचार केला, आमच्या चेहऱ्यांवरून एकदा दृष्टी फिरवली, व सुस्कारा टाकून अडीचशे रुपये मोजले. मागच्या रांगेतून या विलंबाबद्दल जे अभिप्राय आले ते येथे नमूद करण्यासारखे नाहीत.

दुसरा पेच पुऱ्यांचा. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या, व पिशवी आत नेण्यास मनाई होती. पिशवीला मनाई असली तरी पुऱ्यांना आहे काय, असा प्रश्न हेडक्लार्कांनी दारावरच्या रखवालदारास विचारला आणि उत्तर लेखी मिळेल काय असेही विचारले. रखवालदार सुस्वभावी होता. “साहेब, मी इथला नाही, बदलीवर आलोय,” एवढेच तो म्हणाला. उपअभियंत्यांनी त्याच्याकडे ज्या बंधुभावाने पाहिले त्यामुळे तो विरघळला, आणि पुऱ्या हेडक्लार्कांच्या उलट्या धरलेल्या छत्रीत घालून आत नेण्यास त्याने तोंडी मंजुरी दिली. वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाच्या कमानीखालून, ज्या बागेला मुंबई अजूनही राणीचीच म्हणते तिच्यात, आम्ही अशा रीतीने एका काळ्या छत्रीमागून मिरवणुकीने प्रविष्ट झालो.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटे सर्वजण सावलीच्या आनंदात होते, आणि ते तसेच राहिले असते तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन पडले नसते. परंतु प्राध्यापकांना शांतता सहन होत नाही. त्यांनी बागेचा पूर्वेतिहास सांगावयास प्रारंभ केला, आणि त्यातून असे निष्पन्न झाले की ही बाग मूळची येथली नव्हेच. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची बाग अगोदर शिवडीस होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी लागल्यामुळे बागेला आपले बस्तान उचलावे लागले, आणि भायखळ्याच्या या जागेत नवी बाग होऊन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पुढे १८७३ साली ती नगरपालिकेकडे वर्ग झाली.

“जागा सरकारजमा, बदली प्रशासकीय कारणास्तव, आणि अकरा वर्षांनी खातेही बदलले,” हेडक्लार्कांनी नोंद केली. “विनंती अर्ज केलेला दिसत नाही.”

येथून सहलीचा रंग पालटला. एकदा बागच बदलीवर आलेली ठरल्यावर आमच्यातील प्रत्येकाची दृष्टी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, समोर येणाऱ्या प्रत्येक वस्तूची सेवापुस्तिका तपासू लागली. लाल फुलांनी पेटलेला गुलमोहर दिसला, त्याचे मूळ ठिकाण विचारले, प्राध्यापक म्हणाले मादागास्कर. ज्या विस्तीर्ण पर्जन्यवृक्षाच्या सावलीत मुंबईचे अर्धे रस्ते झोपतात तो दक्षिण अमेरिकेचा निघाला. गोरखचिंचेचा तो पोटफुगा, सुरकुतलेला, शतकानुशतके काहीही न करता वाढत राहिल्यासारखा दिसणारा बुंधा पाहून लेखापालांना त्यांच्या खात्यातील एका वरिष्ठांची आठवण झाली. हा वृक्ष आफ्रिकेतून आलेला असून येथे गोरखनाथांचे नाव लावून कायम झालेला आहे. सर्वांत थोर कामगिरी मात्र कैलासपतीची. हा वृक्षही दक्षिण अमेरिकेतला, फुले फांदीच्या टोकास न येता थेट खोडावर येतात, फळे तोफेच्या गोळ्याएवढी. परंतु त्याच्या फुलात शिवलिंगावर नागाने फणा धरल्याचा आकार भाविकांना दिसला आणि हे परदेशी झाड कोणत्याही चारित्र्य पडताळणीवाचून थेट महादेवाच्या सेवेत रुजू झाले. “वशिला असावा तर असा,” असे लेखापाल म्हणाले, व त्यांनी त्या झाडास नमस्कार केला. तो वृक्षाला होता, महादेवाला होता की वशिल्याला, हे विचारण्याचे मी टाळले.

उपअभियंते एव्हाना किंचित सावरले होते. दगडी हत्तीपाशी आल्यावर तर त्यांच्यातील तांत्रिक अधिकारी जागा झाला. हा हत्ती घारापुरीचा. याच्यामुळेच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, आणि आज त्या बेटावर त्याच्या नावाने होड्या भरभरून प्रवासी जात असता तो स्वतः भायखळ्यास वस्तुसंग्रहालयाच्या बाजूला, सहसा कोणाच्या लक्षात न येता, उभा आहे. त्याची सेवापुस्तिका आम्ही प्राध्यापकांकडून सविस्तर काढून घेतली. १८१४ साली त्याची मान गळून पडली. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचे ठरले, परंतु उचलतेवेळी यारी मोडली आणि हत्ती कोसळून त्याचे तुकडे तुकडे झाले. तुकडे विलायतेस कोण नेणार, म्हणून ते येथे आणून ठेवले, आणि १९१४ साली ते सांधून पुन्हा हत्ती उभा केला.

उपअभियंत्यांनी हत्तीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, सांध्यांवरून बोट फिरवावे तसे हवेत फिरवले, आणि भार न अजमावता यारी लावणाऱ्या त्या अज्ञात अधिकाऱ्यावर कारणे दाखवा नोटीस निघाली होती काय असे विचारले. पण माझे कुतूहल निराळे होते. परदेशी बदलीचा हुकूम निघावा, आणि तो अमलात आणतानाच कर्मचारी इतका खिळखिळा व्हावा की त्याला आहे त्या जिल्ह्यात ठेवण्यावाचून गत्यंतर राहू नये, असे उदाहरण सेवेच्या इतिहासात विरळा. वैद्यकीय कारणास्तव बदली रद्द करून घेण्याचे जे अनेक प्रयोग आमच्या वसाहतीत झाले आहेत त्यांच्यापैकी एकही इतका परिपूर्ण नाही. उपअभियंत्यांच्या मनातही तोच विचार चमकून गेला असावा, कारण त्यांनी नकळत आपली मान चाचपून पाहिली.

हेडक्लार्कांचे लक्ष तारखांकडे होते. “१८१४, १८६४, १९१४. दर पन्नास वर्षांनी या प्रकरणात काही ना काही कारवाई झालेली आहे. मग १९६४ साली काय झाले?”

प्राध्यापक म्हणाले, “१९६४ ला काही नाही. १९६५ ला काळा घोडा इथे आला.”

“म्हणजे एकच वर्षाचा विलंब,” हेडक्लार्क प्रसन्न होऊन म्हणाले. “सरकारी कामाच्या मानाने फार उत्तम.”

तो काळा घोडा पाहण्यास मग आम्ही निघालो. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाच्या रूपातला, हा अश्वारूढ पुतळा. सर आल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला, आणि १८७९ पासून तो फोर्टातल्या त्या चौकात इतका काळ उभा राहिला की स्वाराचे नाव सारे विसरले व चौकाला घोड्याच्या रंगाचे नाव पडले. नाव तेथेच राहिले आणि घोडा १९६५ साली येथे आला. ज्या डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा याच बागेत आहे ते आल्बर्ट यांचे वडील, व ते मूळचे बगदादचे, ही माहिती प्राध्यापकांनी पुरवताच लेखापालांनी हात जोडून आणखी एकही बदली सांगू नये अशी त्यांना विनंती केली.

काळ्या घोड्याच्या मूळ परिसरात २०१७ साली नवा घोडा बसवला आहे हे सर्वांस ठाऊक आहेच. त्यावर स्वार नाही, एवढाच फरक. बावन्न वर्षे रिक्त राहिलेले पद अखेर भरले, पण भरताना वरच्या अधिकाऱ्याचे पद कायमचे रद्द करून केवळ ओझे वाहणाऱ्याचे तेवढे चालू ठेवले, यात राज्यकारभाराचा जो मार्मिक विचार दिसतो त्याचे श्रेय कोणाचे हे मला माहीत नसले तरी कनिष्ठ कर्मचारी म्हणून मी त्यास मनःपूर्वक अनुमोदन दिले. रिकामी पाठ पाहिल्यावर वाटेल ते वाटो, घोड्याला हलके वाटत असणार.

भोजनाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. छत्रीतील पुऱ्यांना छत्रीचा वास लागला होता, पन्हे उत्तम होते, आणि बाकावर आमच्या शेजारी बसलेल्या एका कुटुंबाने आपली वांग्याची भाजी ज्या औदार्याने पुढे केली त्याला आम्ही नाही म्हणालो नाही.

जेवणानंतर ऊन असे काही तापले की पेंग्विनांविषयी आमच्या सर्वांच्याच मनात एकाएकी गाढ जिव्हाळा उत्पन्न झाला. हा जिव्हाळा त्या दिवशी सगळ्या भायखळ्यास झालेला दिसला, कारण पेंग्विनगृहाची रांग वळसे घेत लांबवर गेली होती, आणि रांगेतील प्रत्येक जण मुलांना पक्षी दाखवायचा आहे असे सांगत होता, ज्यांच्याबरोबर मुले नव्हती तेसुद्धा. आत काचेपलीकडे सोळा ते अठरा अंशांचा गारवा राखलेला असतो. त्याचा थोडासा लाभ काचेच्या अलीकडच्यांनाही होतो, आणि म्हणून पुढे सरका, पुढे सरका असे रक्षक कितीही म्हणाला तरी लोक पेंग्विनांचे निरीक्षण ज्या चिकाटीने करतात ती पाहून एखाद्या पक्षितज्ज्ञानेही खाली मान घालावी. हे हम्बोल्ट जातीचे पक्षी २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातील सोल येथून आले, पण त्यांचे मूळ गाव पेरू व चिली यांचा किनारा. प्राध्यापकांनी आम्हांस समजावले की तो किनारा वाळवंटी आहे, या पेंग्विनांचा बर्फाशी म्हणण्यासारखा संबंध नाही. हे ऐकून समोरच्या एका मुलाने आपल्या वडिलांकडे ज्या संशयाने पाहिले त्यावरून, घरी बर्फाविषयी काही आश्वासने दिली गेली असावीत.

“वातानुकूलित दालन, समुद्राकडची बाजू, जेवण जागेवर,” लेखापाल काचेला कपाळ टेकवून म्हणाले. “सचिवांनासुद्धा सगळे एकदम मिळत नाही.”

वाघांच्या बाबतीत मात्र आमच्यात मतभेद झाला. २०२० च्या फेब्रुवारीत आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती व करिश्मा ही जोडी येथे आणली गेली, आणि तिच्या मोबदल्यात इकडून चितळ व चित्रबलाक तिकडे गेले. ही आपसी बदली म्हणावी, की पती-पत्नी एकत्रीकरणाच्या तत्त्वावर केलेली, यावर हेडक्लार्क आणि लेखापाल यांच्यात पिंजऱ्यासमोरच खडाजंगी उडाली. आपसी बदली समकक्ष पदांतच होते, वाघ व चितळ हे समकक्ष कसे, असा हेडक्लार्कांचा मुद्दा होता. मराठवाड्यातून मुंबईस येण्यासाठी लोक चितळच काय, काहीही द्यायला तयार असतात, असा लेखापालांचा. वाघ या सबंध काळात आतल्या बाजूस, पाठमोरा, शेपटीचे टोक तेवढे बाहेर ठेवून पडला होता. अभ्यागतांची वेळ संपेपर्यंत तोंड न दाखवणे ही कला त्याला शिकवावी लागली नसावी.

परतताना वाटेत एका झाडाखाली टेकलो. जांभळट-गुलाबी फुलांचे तुरे अंगभर, पाकळ्या चुरगळलेल्या रेशमी कापडाच्या. गर्दीतून जाणारे लोक गुलमोहराकडे माना वळवून पाहत होते आणि याच्याकडे कोणी पाहत नव्हते. उपअभियंत्यांनी प्रश्न विचारण्याच्या आधीच हात वर केला. “हे कुठून आले ते सांगू नका.”

“हे कुठूनही आले नाही,” प्राध्यापक म्हणाले. “हे ताम्हण. आपले राज्यपुष्प. कोकणात ओढ्यानाल्यांच्या काठाने वाढते, आणि बरोबर महाराष्ट्र दिनाच्या सुमारास फुलते.”

सबंध दिवसात भेटलेला हा पहिला स्थानिक रहिवासी! आम्ही सर्वांनी त्याच्याकडे आदराने पाहिले. हेडक्लार्कांनी अधिवास प्रमाणपत्राची मागणी केली नाही हे विशेष. परंतु सत्यनिष्ठा हा प्राध्यापकांचा मोठाच दुर्गुण असल्यामुळे, शास्त्रीय नावात याला लॅजरस्ट्रोमिया म्हणतात, आणि ते नाव लॅजरस्ट्रोम नावाच्या एका स्वीडिश व्यापाऱ्यावरून, लिनियसच्या मित्रावरून, पडले आहे, असे त्यांनी सांगून टाकले. म्हणजे घरचा म्हणावा त्याच्याही दप्तरात आडनाव स्वीडनचे.

उपअभियंत्यांवर या गोष्टीचा परिणाम अनपेक्षित झाला. ते थोडा वेळ त्या तुऱ्यांकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “कोकणात कुठे म्हणालात?”

“सावंतवाडीकडे तर भरपूर.”

“पसंतीक्रमात तिसरे ठिकाण मी सावंतवाडीच दिले आहे,” ते संकोचून म्हणाले. “नुसते रकाना रिकामा राहू नये म्हणून.”

पुढे जे घडले त्याला मी पूर्णतः साक्षी आहे. सावंतवाडी हा शब्द ऐकताच, ज्या मित्रमंडळाने सकाळपासून त्यांच्या बदलीविषयी सुतकी चेहरे धारण केले होते ते एका क्षणात टवटवीत झाले. मोती तलाव, लाकडी खेळणी, वेंगुर्ल्याचा समुद्र आणि सुरमई यांची नावे एकाच वेळी चार तोंडांतून निघाली. हेडक्लार्कांनी खिशातून कागद काढला व मांडीवर ठेवून लिहिण्यास सुरुवात केली: पुढील वर्षाची वार्षिक सहल, मौजे सावंतवाडी, मुक्काम चार दिवस, निवासाची सोय उपअभियंता यांच्या शासकीय निवासस्थानी, विनामूल्य, मासळीचा बंदोबस्त संबंधितांनी स्थानिक पातळीवर करावा. प्राध्यापकांनी सूचना मांडली, मी अनुमोदन दिले, आणि ठराव एक मत तटस्थ राहून मंजूर झाला.

“अहो, पण पहिली दोन ठिकाणे आहेत ना अजून,” तटस्थ मत क्षीण आवाजात म्हणाले. “आणि हुकूम तरी कुठे निघालाय?”

त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. दादरला गाडी बदलण्यासाठी उतरलो तेव्हा लेखापाल तुतारी एक्सप्रेसचे दर विचारण्याकरिता गर्दीतून तिकीट खिडकीकडे निघूनही गेले होते, हेडक्लार्क छत्री मिटून त्यांच्या मागे, आणि या दोघांना गाठण्यासाठी, पांढऱ्या सदऱ्यावर पन्ह्याचा डाग घेऊन, आमचे उपअभियंते पुलाच्या पायऱ्या दोन-दोन करून चढत होते.